सव्वादोनशे टक्के

लढाई माणसाने शब्दांनी जिंकावी, असं श्याम आगाशे यांचं आयुष्यभराचं मत होतं. अडचण एवढीच, की सोमवारपासून त्यांना शब्दच दिसत नव्हते.

दोष चिरंजिवांचा. खराडीला नोकरी करणाऱ्या सलिलने वडिलांच्या साठीनिमित्त जेवणाच्या टेबलाएवढा रुंद मॉनिटर आणून कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बसवला. त्यावर अक्षरं खसखशीएवढी. ओळीच्या या टोकाहून निघालेले आगाशे त्या टोकाला पोचेपर्यंत विषय विसरत. रविवारी सोसायटीच्या चेअरमनपदाची निवडणूक होती. समोरच्या इमारतीतले वैजनाथ मुळे वर्षानुवर्षं त्या खुर्चीला चिकटलेले, आणि त्यांना उठवणारं भाषण खसखशीत अडकलेलं.

"बाबा, स्केलिंग वाढवा, अक्षरं मोठी होतील," सलिल फोनवर म्हणाला. "डिस्प्ले सेटिंगमध्ये शंभर टक्के आहे ना, तिथे दीडशे करा."

"म्हणजे मला दिसत नाही, असं तुझं म्हणणं?"

"अहो, रिझोल्यूशन जास्त आहे त्याचं. वयाचा काही संबंध नाही."

"वयाचं मी काढलंच नव्हतं."

"करा हो तो सांगतोय ते," मटार सोलता सोलता आनंदीबाई म्हणाल्या. "दोन चष्मे एकावर एक लावून बसताय. काल कुरिअरवाला दचकला."

आगाशेंनी दीडशे केलं. बरं वाटलं. मग पावणेदोनशे. सव्वादोनशेवर अक्षरं अशी काही उमटली, की आगाशे खुर्ची मागे खिडकीपर्यंत सरकवून, हातात चहाचा कप घेऊन स्वतःचं भाषण वाचू लागले. इतकं भव्य आपण कधी लिहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. आठवडाभर मुद्दे घासूनपुसून लख्ख केले. बायकोलाही ऐकवले नाहीत. गुप्तता म्हणजे गुप्तता.

रविवारी सभेत मुळे आधी उभे राहिले.

"आगाशे सुरुवात टँकरपासून करतील," ते म्हणाले आणि टँकरचं उत्तर दिलं. मग लिफ्टचं. मग पार्किंगचं. अगदी क्रमाने. "सहाव्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो त्यांनी काल दुपारी खोडला. खरं तर तेवढाच बरा होता."

सभा खो खो हसली.

"तुम्हाला हे सांगितलं कोणी?" आगाशे ओरडले.

"सांगायला कशाला हवं? मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतो. फक्त पान जरा हळू सरकवत चला, आमच्या हिचं वाचून होत नाही."

मुळे पुन्हा चेअरमन झाले. घरी येताच आगाशेंनी फोन लावला. "तुझा मॉनिटर घेऊन जा. त्यातून माहिती फुटते."

सलिलने पासवर्ड बदलायला सांगितलं, वायफाय बंद करायला सांगितलं, व्हायरस तपासायला सांगितलं. आगाशेंनी सगळं केलं. मग आनंदीबाई उठून खिडकीशी गेल्या.

खिडकीला पडदा होता. तो त्यांनी ओढला.