शोकसभेचे अध्यक्ष

तात्याबा वारले ही बातमी निमगाव केतकीत सगळ्यात उशिरा तात्याबांनाच कळली. ते तेव्हा न्याहारी करत होते.

चूक जोतीरामची. बारामतीच्या एका साप्ताहिकाचा तो गावातला बातमीदार. लोकल बोर्डाच्या मेंबरवर कधी ना कधी लिहावं लागणारच, म्हणून तात्याबांचा मृत्युलेख त्यानं आधीच लिहून ठेवला होता. कागद वाया जाऊ नये म्हणून त्याच्याच पाठीवर कांद्याचे भाव लिहून धाडले. छापखान्यात कागद उलटा धरला गेला. कांदा राहिला, तात्याबा गेले.

संपादकांची चिठ्ठी आली : 'तक्रार नाही असे तात्याबांकडून लिहून आणा, नाहीतर बातमीदारी सोडा.'

जोतीराम ओसरीवर पोचला तेव्हा तात्याबा तोच अंक तिसऱ्यांदा वाचत होते.

"तात्या, चुकलं माजं."

"कुठं चुकलं? 'गोरगरिबांचा कैवारी. तालुक्याचे छत्र हरपले.' तूच लिवलंस न्हवं?"

"व्हय."

"जित्या मानसाला इतकं चांगलं कोन म्हनतंय? इलेक्शनला तू मला 'उमेदवारांपैकी एक' म्हनला हुतास."

"आन् 'मागे शोकाकुल पत्नी'?" म्हाळसाबाई आतून म्हणाल्या. "मला इचारलं हुतं का कुनी?"

जोतीरामनं घाईघाईनं कागद पुढं केला. "तात्या, तेवढं लिवून द्या."

"दीन की. आदी शोकसभा हुंदे."

"सभा कशाला आता? तुमी तर हाय!"

"इंदापुरातनं मानसं निगालीत. आन् मी न्हाय म्हनल्यावर अध्यक्ष कोन?"

प्रश्न अवघड होता. तालुक्यात वीस वर्षं तात्याबांच्या अध्यक्षतेशिवाय एकही शोकसभा झाली नव्हती.

तात्याबा खुर्चीत बसले. त्यांचे कट्टर विरोधक सोपानराव भाषण पाठ करून आले होते, आणि पाठ केलेलं वाया घालवणारा तो माणूस नव्हता. "असा नेता पुन्हा होणे नाही," असं त्यांनी तात्याबांच्या तोंडाकडं बघत सांगितलं आणि ते रडले. कशासाठी, ते सांगितलं नाही. मग दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. तात्याबाही.

सभा संपल्यावर तात्याबांनी खुर्चीतच कागद मागून घेतला आणि लिहिलं : 'मागील अंकात आम्ही वारलो एवढाच मजकूर चुकीचा आहे. बाकीबद्दल तक्रार नाही.' खाली झोकात सही.

बातमीदारी वाचली. जोतीरामनं कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती, कांद्याचे भाव सहज मावले असते.

त्यानं ते दुसऱ्या कागदावर लिहिले.