आठ जणींचे फॉर्म

वॉर्डात आम्ही आठ नर्स, आणि पेशंट विचारणार एकीलाच. "ती हसऱ्या तोंडाची सिस्टर कुठंय?" मी बावीस वर्षं सुया टोचतेय. माझी सुई दुखत नाही, असं डॉक्टरसुद्धा म्हणतात. पण न दुखलेलं कोणाच्या लक्षात राहतं? तिला आम्ही खडीसाखर म्हणायचो. मी जरा दात-ओठ खाऊन म्हणायचे.

एकदा वरून कागद आले: नर्सच्या मनाची तपासणी. झोप लागते का, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का, असे नऊ प्रश्न. मेट्रनबाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत हवेत."

पेशंटचे श्वास न मोजताच तक्त्यात 'वीस' लिहून टाकायची सवय आमच्या हाताला असते. मी जेवणाच्या सुट्टीत बसून आठही जणींचे फॉर्म भरून टाकले. नाही, नाही, नाही. स्वतःच्या फॉर्मवर, रडण्याच्या प्रश्नाशी पेन जरा अडखळलं, पण मागे जेवणाचा डबा गार होत होता. सगळ्या म्हणाल्या, "बरं केलंस बाई." खडीसाखर तेवढी म्हणाली, "ताई, माझा मीच भरते," आणि कोरा कागद मागून घेतला.

आठवड्याभरात तिला दीड महिन्याची रजा मिळाली. डॉक्टरांनी लिहून दिलं: नैराश्य.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर आमच्या औषधांच्या कपाटात गोळी नाही.

"तिला कसलं मेलं नैराश्य? दिवसभर खिदळायची!" मी घरी म्हटलं.

"मग तूही घे की रजा," नवरा म्हणाला.

"मला काय धाड भरलीय?" म्हणत मी कढई अशी आपटली की तिला पोचा आला.

तिच्या पाळ्या माझ्याच गळ्यात आल्या. सात नंबरच्या आजोबांनी तिसऱ्यांदा तिची चौकशी केली, तेव्हा ठरवलं, बघूनच येऊ, बाईसाहेब किती मजेत लोळतायत ते.

दार तिनेच उघडलं. केसांना कित्येक दिवसांत फणी लागली नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, आणि दात घासायचे राहिलेत म्हणाली. चहा करायला उठली ती गॅससमोर नुसती उभीच राहिली, पुढचं काय ते विसरल्यासारखी. मी तिला बसवलं, चहा टाकला. घरून घोकून आणलेले टोमणे तोंडातच विरघळले. हेवा मात्र निर्लज्ज. तिच्या चुरगळलेल्या अंथरुणाकडेच बघत होता.

"ताई, तुमच्या फॉर्मवर काय लिहिलंत?"

"सगळ्यांच्या लिहिलं तेच. नाही."

"रडू येतं का, त्यालाही?"

"त्यालाही."

ती कपाकडे बघत म्हणाली, "तुम्ही चादरींच्या खोलीत जाता ना, दार लावून... मी बाहेर उभी राहायचे. कोणी आलं की सांगायचे, आत्ताच पुसलंय, फरशी ओली आहे."

आणि मी इतकी वर्षं समजत होते, चादरी आवाज खातात.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच मेट्रनबाईंकडे गेले. "एक कोरा फॉर्म द्या."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमचा आलाय की. सगळं 'नाही' आहे."

"तो पेशंट न बघताच भरला होता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खणातून कागद काढला. मी सवयीने टेबलाच्या कडेला उभ्याउभ्याच लिहायला लागले.

"उभ्याने नको," त्या म्हणाल्या. खुर्ची सरकवली. "बसा."