उत्तररंग बाकी

इंटिरिअरवाल्या पाटणकरांनी नव्या स्वयंपाकघराचे तीन नकाशे जेवणाच्या टेबलावर उलगडले. चहा ठेवायला मी उठले, तेव्हा पॅसेजच्या उत्तरेच्या भिंतीत जिथे एक दार होतं तिथे तीन दारं होती. भिंत होती तेवढीच होती.

"कुठल्या दारानं जाऊ?" मी विचारलं.

"कुठल्याही जा, काकू. सध्या तिन्ही आपलीच. नंतर एक ठेवायचं."

पहिल्या दाराआड एल आकाराचा ओटा होता, दुसऱ्याआड समोरासमोर दोन ओटे, तिसऱ्याआड यू. खिडकी तिन्हीकडे तीच, आणि खिडकीतून दिसणारे शेजारच्या गच्चीवरचे कुरडयांचे पाटही तेच. चहा मी यूमध्ये केला आणि कपांसाठी एलमध्ये गेले, कारण कप तिथे होते.

संध्याकाळपर्यंत घरच्यांनी आपापली जागा धरली. आमच्या सासूबाई, म्हणजे माई, एलमध्ये गेल्या. तिथे पूर्वेच्या कोपऱ्यात देवघर होतं आणि त्याच्याशेजारी पाट मांडायला जागा. माझे यजमान समोरासमोरच्या ओट्यांत गेले. मुलगी केतकी नकाशे पाहायला म्हणूनच पुण्याहून आली होती, ती यूमध्ये गेली. मला बरं वाटलं. एका स्वयंपाकघरात चौघं कधी मावत नव्हतो. रात्री जेवायला हाक मारली तर कुणीच बाहेर आलं नाही.

"दूध ठेवलंय गं," माई म्हणाल्या. "उतू जायचं."

"चहा उकळतोय," हे म्हणाले.

"एवढं माप झालं की आले, आई," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही दूध वर आलेलं नव्हतं, चहा उकळतच होता आणि केतकीची टेप त्याच टाइलवर होती. मी माईंचा हात धरून त्यांना उंबऱ्यापर्यंत आणलं. उंबरा ओलांडला तर माझी मूठ रिकामी, आणि माई गॅसपाशी.

"देवाला पूर्व हवी," त्या तिथूनच म्हणाल्या. "बाकी तुमचं काय ते करा. माझा बापू कुठाय?"

"शेजारी आहेत."

"शेजाऱ्यांकडे? एवढ्या सकाळी?"

मी पाटणकरांना फोन केला. ते आले आणि त्यांनी नकाशावरची ठिपक्यांची रेघ दाखवली. शेगडीपासून सिंक, सिंकपासून फ्रिज, तिथून पुन्हा शेगडी.

"हा तुमचा वावर, काकू. तिन्ही नकाशांत काढलाय. म्हणून तुम्हाला येता-जाता येतंय."

"आणि ह्यांचा?"

"नकाशात माणसं दाखवत नाहीत. बुधवारी सकाळी दहाला काम सुरू. त्याआधी एकावर सही करा. उरलेले दोन मी मिटतो."

"मिटता म्हणजे?"

त्यांनी बॅगेतून कुणाचा तरी जुना नकाशा काढून घडी घातली. एक घडी, दोन, तीन, चार. चौथ्या घडीला कागदातून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला आणि बंद झाला.

"त्यात कुणी होतं?"

"असेल. विचारलं नाही," पाटणकर म्हणाले, आणि घडी त्यांनी खिशात ठेवली.

सोमवारी पॅसेज एक वीत अरुंद झाला. दारंही त्या मानानं बारीक होऊन एकमेकांजवळ सरकली. मी नकाशांच्या मंजुरीचा कागद घेऊन तिन्हीकडे फिरले. विचारल्याशिवाय सही करणं बरं दिसत नव्हतं.

"समोरासमोर म्हणजे नुसतं वळलं की सापडतं," हे म्हणाले. "मीठ कुठाय म्हणून तुला विचारायला नको."

"तीस वर्षं विचारताय. आता काय अडलंय?"

"म्हणून तर म्हणतो."

केतकी म्हणाली, "आई, तू यू घे. सगळं हाताशी. तुझी पाठ दुखते ना? बाबा काहीही म्हणतील, तू ऐकू नकोस."

तिघांनीही माझाच विचार केला होता. कागद घडी न घालता मी पदराखाली धरला. सही एकाच जागी करता येत होती. ती केली की दोघं घडीत जाणार होते.

मंगळवारी मला कीर्तन आठवलं. खरं तर ते मी कधी विसरत नाही. चैत्रात रामाच्या देवळात नऊ दिवस कीर्तन असतं आणि आम्ही चौघंही जातो. माई खांबाला टेकून बसतात. केतकी लहानपणापासून टाळ्या धरते. हे मागे झांजा घेऊन, आणि कायम अर्धी मात्रा उशिरा. बुवा एकदा भर कीर्तनात थांबून म्हणाले होते, "साठेसाहेब, सावकाश या. देव थांबलाय." सगळं देऊळ हसलं, हेसुद्धा, थोडे उशिरानं.

कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण. मग बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर होतो आणि उत्तररंग सुरू होतो, म्हणजे गोष्ट. पूर्वरंगाला माणसं इकडेतिकडे असतात, कुणी पायरीवर, कुणी चपलांपाशी बोलत. उत्तररंगाला सगळी आत येऊन बसतात. गोष्ट सुरू झाल्यावर बाहेर थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही.

मी पॅसेजमध्ये सतरंजी घातली. आता ती दुमडूनच बसत होती. झांजा घेतल्या आणि पूर्वरंग लावला. निरूपण काय करणार, मला येतं तेवढंच. ज्याच्या घरात चूल आहे त्याच्या घरी देव भुकेला येतो, असं काहीतरी बोलले आणि गायले. नाम आलं तेव्हा पहिल्या दारातून माईंचा कापरा आवाज आला, तिसऱ्यातून टाळ्या आल्या आणि मधल्या दारातून ओट्यावर चमचा वाजायला लागला, अर्धी मात्रा उशिरा. चार दिवसांत आम्ही पहिल्यांदा एकत्र होतो.

"आता बाहेर या," मी म्हटलं.

"गोष्ट कुठली लावणार?" माईंनी विचारलं.

"बुरुडणीची."

"मग उत्तररंगाला येते."

"उत्तररंगाला येतो," हे म्हणाले.

"मी पण, आई. नक्की," केतकी म्हणाली.

पण हार नव्हता. हाराशिवाय उत्तररंग सुरू होत नाही. फुलवाला सकाळी आठला बसतो. पाटणकरांनी थांबावं म्हणून मी त्यांच्या कागदावर सहीची जागा मोकळी ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पूर्वरंग झाला. उत्तररंग बाकी.' कागद भिंतीला चिकटवला. सकाळी किल्ली शेजारी ठेवून हाराला गेले.

देवळापाशी मोगऱ्याचा हार चटकन मिळाला नाही. परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पॅसेजमध्ये लोंढे रंगारी रोलर धूत होते. उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत बदामी झाली होती.

"दारं कुठेत?" मी विचारलं.

"लिहिलंय तसंच केलंय, बाई." त्यांनी कागद दाखवला. "पूर्व रंग झाला. पूर्वेची भिंत गेल्या दिवाळीत मीच दिलेली, ती झालीच आहे. उत्तर रंग बाकी. तो दिला. दोन हात."

मी पाटणकरांना फोन लावला.

"शेऱ्यातलं काम मीच सांगितलं," ते म्हणाले. "सही कुठल्याच नकाशावर नाही, काकू, त्यामुळे तिन्ही मिटतोय. एकेक घडी घातलीय. रंग वाळला की उरलेल्या घालतो."

"वाळायला किती वेळ?"

पाटणकरांनी फोन ठेवला. लोंढे म्हणाले, "अर्धा तास. ऊन आलं तर त्याच्याही आधी."

खिडकी स्वयंपाकघरात राहिली होती, तरी ऊन येत होतं. पॅसेज आता एका माणसापुरता उरला होता. मी भिंतीला कान लावला, गालाला रंग लागला. आतून कुणी बोलत नव्हतं. कीर्तनात हार घालायच्या आधी जशी शांतता असते तशी होती. खोकणारे खोकून घेतात, मुलांना मांडीवर ओढतात, तशी.

"लोंढे, हात स्वच्छ आहेत का?"

त्यांनी हात पाहिले. "बदामी आहेत."

"चालतील. हा हार मला घाला. स्वतःचा स्वतः घालत नाहीत."

लोंढ्यांनी हात सदऱ्याला पुसले, हार माझ्या गळ्यात घातला, आणि काय वाटलं कोण जाणे, वाकून नमस्कारही केला. मग ते अंग चोरून पॅसेजबाहेर गेले आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

मी झांजा उचलल्या. एका बुरुडणीची झोपडी इतकी लहान होती, मी सुरू केलं, की ती सूप विणायला बसली की तिच्या लेकराला बाहेर जावं लागे. एके दिवशी दाराशी देव आला आणि म्हणाला, मला आत घे. ती म्हणाली, घेते, पण मी कुठे जाऊ? गोष्टीत इथे नाम येतं. मी नाम घेतलं.

तीन दारं सरकत सरकत एका दाराएवढी झाली होती, त्यामुळे रंगाखाली कडी एकच होती. ओल्या रंगात तिचा उंचवटा दिसत होता. भोवतीचा रंग कडेनं फिका होत, वाळत, तिच्याकडे येत होता.

मी पुन्हा नाम घेतलं. कडी हलली. मग अर्धी मात्रा उशिरानं आणखी एकदा हलली.

मी गोष्ट पुढे नेली नाही. तिसऱ्यांदा हलेपर्यंत नामच घेत राहिले.