केबल स्ट्रीटची सहल

"इथंच आम्ही लॉरी आडवी घातली," म्हातारा हॅरी काठीनं रस्ता दाखवत म्हणाला. "वरच्या खिडक्यांतून बायका कचरा ओतत होत्या, पोरं पोलिसांच्या घोड्यांच्या पायांखाली गोट्या सोडत होती. पोलीस वाट करून देत होते, तरी त्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांचा मोर्चा आम्ही ज्यूंच्या वस्तीत शिरू दिला नाही."

मनाशे चेऊलकर मान वर करून त्या खिडक्यांकडे बघत राहिला. सत्त्याहत्तरचा ऑक्टोबर होता. सिनेगॉगच्या सहलीला लंडनच्या पार दुसऱ्या टोकाच्या हाउन्सलोहून हे भारतीय नवरा-बायको दोघंच आले होते, बाकी सगळे गोरे ज्यू. मुंबई सोडल्यापासून मनाशेचा जन्म विमानतळाच्या किचनमध्ये जेवणाचे ट्रे भरण्यात चालला होता. सिनेगॉगमध्ये अजूनही कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही ज्यू कधी झालात?" आज मात्र त्याचा ऊर भरून आला होता.

"एलिशेबा, बघ! छत्तीस साली आपल्या माणसांनी काय केलं!"

"बघतेय. पण पाय भरून आले हो माझे." तिलाही बरं वाटत होतं, पण नवऱ्यासारखं हुरळून जायचा तिचा स्वभाव नव्हता.

चहासाठी मंडळी ब्रिक लेनकडे वळली. कोपऱ्यावर चार-पाच गोरे तरुण, परक्यांना हाकला म्हणणाऱ्या कुठल्याशा पक्षाचा पेपर विकत उभे होते. सहलीचा सगळा घोळका त्यांच्यासमोरून गेला, पोरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मनाशे समोर येताच एकानं वाट अडवली.

"ए पाकी, आपल्या देशात जा!" आणि पचकन त्याच्या कोटावर थुंकला.

मनाशेला वाटलं, आता आपली माणसं धावून येतील. मंडळी थांबली खरी. पण कुणी बुटांकडे बघत राहिलं, एक बाई "चला, पुढे चला" असं पुटपुटली. हॅरी तेवढा काठी उगारून मागं फिरला. पोरं हसली. एकानं काठी नुसती बोटानं बाजूला सारली, तसा म्हातारा धडपडला. मनाशेनंच त्याला सावरलं.

रस्त्यापलीकडून एक पोलीस ओरडला, "गर्दी करू नका, पुढे व्हा."

चहाच्या दुकानात तीच बाई कागदी रुमाल घेऊन आली. मनाशेला हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही ज्यू आहात हे त्यांना कळलं नाही, एवढंच."

एलिशेबा नवऱ्याला मराठीत म्हणाली, "कळलं असतं तर काय ओवाळणार होता मेला?"

"गप्प बस. चांगल्या मनानं बोलतायत त्या."

"म्हणून तर तोंड उघडता येत नाही!"

बाई हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती.

"ती थँक यू म्हणतेय," मनाशेनं सांगितलं.

एलिशेबानं त्याच्या अंगावरचा कोट उतरवून घेतला आणि मागच्या नळावर खसाखसा धुऊन आणला. थुंकीचा डाग गेला होता, त्या जागी मोठा ओला धब्बा होता. तिच्या हातातून कोट घ्यायला हॅरी उठला. कॉलरला धरून त्यानं तो मनाशेच्या पाठीशी उघडून धरला.

"तेव्हा आम्ही खूप जण होतो," तो म्हणाला. "खूप जण."

मनाशेनं पाठ वळवून हात मागं घातला. म्हातारा कोट खाली धरत होता, मनाशे वर चाचपत होता. काही केल्या बाही सापडेना.