अलेक्झांड्रियाचं मावंदं

“आता ती घोड्याची गाडी सांगा, राधाकृष्ण,” आप्पासाहेब पाटावर मांडी बदलत म्हणाले. “समुद्राच्या कडंकडंनं गेल्तो न्हवं आपन? लोकांना कळू द्या की.”

मांडवाखाली पन्नासएक माणसं जेवायला बसली होती. राधाकृष्ण लापशीची परात घेऊन वाढत होता. तो जागच्या जागी थांबला आणि परात कमरेला टेकवून सांगू लागला.

“गाडी आपल्या टांग्यासारखीच, पन चार चाकी. रस्ता असा लांबच लांब. डाव्या हाताला पाच-पाच मजली घरं, उजव्या हाताला नुसता समुद्र. रस्ता संपतो तिथं किल्ला हाय, पांढऱ्या दगडाचा. तीन बाजूंनी लाटा आदळत्यात. किल्ल्यात उभं ऱ्हायलं की पाठीमागं सगळं शहर दिसतं अन् म्होरं पानी. पानी आधी हिरवं, मग निळं, अन् लई लांब नजर टाकली की काळंशार.”

लोक हातातला घास हातातच ठेवून ऐकत होते. उंबऱ्यापाशी बसलेल्या बनुबाईचा ऊर भरून आला होता. माळकरी बाई, सुनेला बाळंतपणात देवाज्ञा झाल्यापासून घरात ती आणि हा एकुलता लेक, दोघंच. अलेक्झांड्रिया देवाचं गाव की माणसांचं, हे तिला ठाऊक नव्हतं. यात्रा करून आलेल्या माणसाने मावंदं घालायचं, चार माणसं जेवू घालायची, एवढं ठाऊक होतं. लेक समुद्र ओलांडून सुखरूप परत आला होता, तेव्हा त्याचंही मावंदं व्हायलाच हवं, असा तिने हट्ट धरला होता.

राधाकृष्ण सांगत होता ते सगळं खरं होतं. फक्त तो स्वतः तिथे गेलेला नव्हता. आणि ही गोष्ट त्या पन्नास माणसांपैकी दोघांनाच माहीत होती. एक, भोकरवाडी कारखान्याचे चेअरमन आप्पासाहेब. दुसरा, त्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा जावई सूर्यभान.

राधाकृष्ण त्या कारखान्याच्या शेतकी खात्यात एकोणीस वर्षं कारकून होता. इंग्रजी पत्र आलं की ते त्याच्या टेबलावर यायचं. ऊस आणि साखर पाहायला इजिप्तला चला, असं आमंत्रण आलं तेव्हा पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यानेच केला. ‘दौऱ्याअखेर दोन दिवस अलेक्झांड्रिया येथे विश्रांती’ असं कार्यक्रमपत्रिकेत होतं आणि सोबत त्या शहराची रंगीत चित्रांची पुस्तिका आली होती. साहेबांसाठी तिचं मराठी करता करता ती त्याला तोंडपाठ झाली. कुठली बाग राजाची, जमिनीखालची थडगी किती पायऱ्या उतरल्यावर, दोन मजली ट्राम कुठून कुठे जाते, पोहून आल्यावर कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांना कुठला रंग, सगळं.

मग एक दिवस मीटिंगमध्ये आप्पासाहेब म्हणाले, “राधाकृष्णाला संगं न्यायचं. तिथं विंग्रजी कोन बोलनार?”

गावाला तेवढं पुरलं. शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. फेटा, नारळ, गळ्यात मावेनात इतके हार. हेडमास्तर पाऊण तास बोलले. बनुबाईने घरोघरी साखर वाटली. नगरच्या वर्तमानपत्रात ‘परदेश दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ म्हणून चौकट आली, तिच्यात साहेबांच्या फोटोखाली याचा फोटो होता.

मुंबईला गेल्यावर कळलं की तिकिटं पाचच आहेत. तीन दुसऱ्या कारखान्यांच्या माणसांची, एक साहेबांचं आणि पाचवं सूर्यभानचं. राधाकृष्णाचं नाव यादीतून तीन आठवड्यांपूर्वीच कापलेलं होतं. म्हणजे सत्काराच्या दिवशी साहेब शेजारच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते तेव्हाही.

“साहेब, मग तो सत्कार...”

“हार घातले न्हवं तुला? ते कुनी परत मागतंय का?” आप्पासाहेब हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, आता माघारी गेलास तर गाव शेन घालंल तोंडात. त्यापरास पंधरा दिस कुठंतरी दडून ऱ्हा अन् आमच्या संगं गावात ये. तुझीबी अब्रू ऱ्हाईल, अन् जावयाला फुकट न्हेलं म्हनून माझ्याबी नावानं बोंब न्हाई.”

माणूस इतका लाचार असतो का, असं विचारायला सोपं आहे. राधाकृष्णाच्या डोळ्यांपुढे घरोघर साखर वाटत फिरणारी आई उभी राहिली, आणि तो “बरं” म्हणाला.

पंधरा दिवस त्याने केडगावला थोरल्या बहिणीच्या घरी, मागच्या कडब्याच्या खोलीत काढले. छबूबाई भाकरी आणून द्यायची आणि रोज एकच सांगायची, “आरं, आईला तरी खरं सांग.” तो मान हलवायचा आणि पुस्तिका उघडायचा. सोळाव्या दिवशी नगर स्टेशनवर तो साहेबांच्या डब्यात चढला. “या, इजिप्तकर!” म्हणून आप्पासाहेबांनी त्याला खिडकीपाशी जागा दिली. बेलापूर स्टेशनवर पुन्हा हार पडले. सूर्यभान मागच्या दाराने गुपचूप उतरून गेला.

आणि आता मावंद्याच्या पंगतीत तोच सूर्यभान लापशी चिवडत बसला होता. अलेक्झांड्रियात दोन्ही दिवस त्याचं पोट बिघडलेलं; हॉटेलची खोली सोडून त्याने काही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी सांगायची सोय नव्हती. आणि एक कारकून त्याची सफर सांगून टाळ्या घेत होता.

“पान्याचं झालं,” तो म्हणाला. “खान्याचं सांगा की.”

“ब्रेड मिळायचा. फळं. खजूर तर...”

“फळं?” आप्पासाहेबांनी मिशीवरचं तूप पुसलं. जेवण अंगावर आलं होतं आणि त्यांना जरा गंमत हवी होती. “राधाकृष्ण, आईच्या म्होरं लाजू नका. पहिल्याच दिशी मटनाची हाडं चोखत हुता की तुमी! वर लालभडक दारू. मी म्हनलंबी, मातोश्री माळकरी हायेत. तर हे म्हनत्यात, ती कुठं बघाया येती?”

पंगत खो खो हसली. हसू ओसरलं तसं लोकांच्या नजरा उंबऱ्याकडे वळल्या. बनुबाई उठून उभी राहिली होती. तिचा हात गळ्यातल्या माळेवर होता.

“व्हय रं?” तिने विचारलं.

राधाकृष्णाने परात खाली ठेवली. ‘मी गेलोच नव्हतो’ एवढं म्हटलं की तो सुटत होता. पण मग हे मावंदं खोटं, तिने वाटलेली साखर खोटी, आणि ही पन्नास माणसं उद्यापासून तिला पाहून हसणार. त्यापेक्षा आई आपल्यावर चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मग निवळेल. त्याने आप्पासाहेबांकडे पाहिलं. ते मन लावून लापशी खात होते.

“व्हय,” तो म्हणाला.

बनुबाई आत गेली. ती बाहेर आली नाही, जेवलीही नाही. संध्याकाळी तिने तीन दगड मांडून परसात वेगळी चूल केली. आपली दोन भांडी राखेने तीनदा घासून तिकडे नेली.

सकाळी ती आडावर गेली तेव्हा राधाकृष्ण मागोमाग गेला.

“आई, काल मी खोटं बोललो. मी मटनाला शिवलो न्हाई. मी तिकडं गेलोच न्हवतो. पंधरा दिस अक्काकडं केडगावला हुतो.”

बनुबाईने पोहरा ओढून घागरीत ओतला. पुन्हा आत सोडला.

“काल गावाम्होरं व्हय म्हनलास.”

“तुझी शोभा हुईल म्हनून म्हनलो. अक्काला इचार पायजे तर.”

“ती भावाची कड घ्यायचीच.”

“आई, तुझ्या गळ्याशपथ...”

“शपथ घालू नगंस!” पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते. “घोड्याची गाडी सांगितलीस. किल्ला सांगितलास. पान्याचा रंग सांगितलास. मला, समुद्र न बघितलेल्या आंधळीला, समदं दिसाया लागलं. न गेलेल्या मान्साला असं सांगता यील व्हय? खाल्लंस ते खाल्लंस. आता म्हातारीला फशिवतुयास कशाला?”

राधाकृष्ण काल कधी नव्हे इतकं मन लावून बोलला होता, आणि नेमकं तेच त्याच्या मुळावर आलं होतं.

रस्त्यावर कारखान्याची जीप येऊन थांबली. ड्रायव्हर मच्छिंद्रने मान बाहेर काढली. “भाऊसाहेब, चला बिगीनं. पुन्याचं पाव्हनं आल्यात. साहेब म्हनले, राधाकृष्णाला आना, समुद्राचं सांगाया.”

“आलो,” तो म्हणाला.

“बघ,” बनुबाई हळू आवाजात म्हणाली. “जा. सांग जा.”

तिने भरलेली घागर कशीबशी उचलून कमरेवर घेतली. तोल गेला. राधाकृष्णाने पटकन हात पुढे केला. त्याचा हात लागायच्या आत तिने घागर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली, आणि अर्धं पाणी लुगड्यावर सांडत ती घराकडे चालू लागली.