शर्टाची बटणं

पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि कारखान्याने सरळ कानांवर हात ठेवले. भरपाईसाठी वकीलबाई भांडत होत्या. "डॉक्टरांच्या तपासणीला घरी असता तसेच या," असं त्यांनी बजावलं होतं. पण बायको ऐकेल तर शपथ! साहेबांपुढे गबाळं जायचं नाही म्हणून तिने त्याला इस्त्रीचा शर्ट चढवला, बटणं लावली, खाली बसून बुटांच्या नाड्याही बांधल्या.

डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगदी टापटीप आलात की! कपडे स्वतःच घालता?"

वकीलबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. पण समोर कारखान्याचा फोरमन बसला होता, गालातल्या गालात हसत. त्या हलकटासमोर म्हणायचं, बायको घालते?

"मीच घालतो," तो ताठ मानेने म्हणाला.

भरपाई तिथेच बोंबलली.

घरी आल्यावर बायको नाड्या सोडायला खाली बसली. "काय म्हणाले हो साहेब?"

"म्हणाले, तुमचं तुम्हाला सगळं जमतंय," तो म्हणाला आणि त्याने दुसरा पाय पुढे केला.