डेल्फीनचे तेराशे नव्वद आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, मेपलच्या लाकडाची. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्यांच्या शेतांमध्ये एक छोटं हायस्कूल आहे. माझा सगळा जन्म तिथेच गेला. आधी मी भूमितीच्या वर्गात होते. "हिच्यासारखी सरळ रेघ कुणाची येत नाही," असं सर म्हणायचे आणि मी फुगून जायचे. पुढे प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या आणि मी खणात धूळ खात पडले. तिथे निदान माझ्या हातून कुणाचं वाईट तरी होत नव्हतं.

मग थिबोडोबाईंनी मला उचललं. कुठल्या कॉलेजात कसा अर्ज करावा, हे मुलांना सांगणं त्यांचं काम. त्यांच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. तळाला कॉलेजांची नावं आणि कडेनं वर चढत जाणारे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे गुण, थेट सोळाशेपर्यंत. नामांकित कॉलेजं म्हणत, गुण कळवा नाहीतर झाकून ठेवा, तुमची मर्जी. मग बाई तिथे शिरलेल्या मुलांच्या सरासरी गुणांवर मला आडवी ठेवत. माझ्या वर असाल तर कळवा, खाली असाल तर झाका. मला वाटायचं, केवढा हा मान!

बटाटे काढायच्या सुट्टीत आमची शाळा बंद असते, मुलं शेतावर जातात. ती सुट्टी संपली आणि डेल्फीन वेलेट बाईंकडे आली. नखांत अजून माती होती.

"बाई, तेराशे नव्वद! पप्पांनी बटाटे काढायच्या यंत्रावरच्या सगळ्यांना सांगून टाकलंय. आजीनं तर शेजारीपाजारी धिरडी वाटली."

तिला हव्या असलेल्या कॉलेजच्या नावावर बाईंनी मला चौदाशे पन्नासला ठेवलं. आपल्या गुणांवर टेकलेलं डेल्फीनचं बोट माझ्या खाली राहिलं.

"झाकूनच ठेव गं पोरी. एवढे पाहून ते नाक मुरडतील."

डेल्फीन कानापर्यंत लाल झाली. "मग पप्पांना काय सांगू?"

"सांग, तिथल्या मानानं कमी पडले म्हणून."

नखं मुठीत लपवून ती निघून गेली. अर्ज गुणांशिवाय गेला आणि वसंतात नकार आला.

बाईंच्या तो जिव्हारी लागला. त्यांनी कॉलेजला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागलं.

"गुण दिसले नाहीत, तेव्हा वाटलं हजाराच्या आसपास असतील," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुमच्या शाळेत साधारण किती पडतात?"

"साडेनऊशे."

"आणि हिला तेराशे नव्वद? अहो बाई, मग लपवलेत कशाला? असंच मूल तर आम्ही शोधत असतो!"

"आता काही होईल का?"

"जागा भरल्या हो."

बाई मला हातात घट्ट धरून बसून राहिल्या. मित्रांनो, मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. मी सरळ होते, पण ते चौदाशे पन्नास कुणाचे होते? घरी शिकवायला मास्तर येणाऱ्या, जमेल तितक्या वेळा परीक्षा देणाऱ्या शहरातल्या मुलांचे. ते ना बाईंच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

बाईंनी डेल्फीनला बोलावलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

डेल्फीननं तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी कमी नव्हते?"

"नव्हतीस गं."

"पप्पांना आजच सांगते. हिवाळाभर कुणी माझं नाव काढलं की ते विषय बदलतात."

आता ती आमच्या राज्याच्याच विद्यापीठात जाणार आहे. तिथे ती चमकेलच, पण त्यानं माझी शरम पुसली जात नाही. म्हणून विनवते, मूल मोजायचंच असेल तर ते कुठून निघालंय, ते आधी पाहा.

बाईंनी चूक कबूल केली त्या दिवशी, निघण्यापूर्वी डेल्फीननं बाईंच्या हातातून मला काढून घेतलं. माझं एक टोक तक्त्यावर आमच्या शाळेच्या साडेनऊशेवर टेकवलं, मला उभं धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट आपल्या गुणांवर ठेवलं. तिथवर पोचायला मी पुरले नाही.